फ्रेंच राजांची जुनी पदकं: साल वाचा, पण कड आधी पाहा

१९ ऑक्टोबर २०२५ च्या रविवारी सकाळी, संग्रहालय उघडं असताना, चोरटे पॅरिसच्या लुव्रमधल्या अपोलो दालनात शिरले आणि काही मिनिटांत फ्रेंच राजघराण्यांचे दागिने घेऊन पसार झाले. बातमी जगभर गाजली. अशी बातमी आली की ऑनलाइन लिलावांत ‘फ्रेंच राजघराण्यातलं’, ‘अस्सल रॉयल’ अशा पाट्या लावलेल्या वस्तूंकडे लोकांचं लक्ष जातं. दागिने आपल्या आवाक्याबाहेरचे. पण तळहातावर मावेल असं, चौदाव्या लुईचा कुरळ्या केसांचा टोप कोरलेलं, १६८५ साल टाकलेलं ब्राँझचं पदक काही हजारांत दिसतं, आणि मग प्रश्न येतो: साडेतीनशे वर्षांपूर्वीची वस्तू इतक्या स्वस्तात कशी?

उत्तर बहुतेक वेळा असं असतं की ती साडेतीनशे वर्षांपूर्वीची नसते. आणि गंमत म्हणजे विकणारा खोटं बोलतोय असंही नसतं.

पदक म्हणजे नेमकं काय?

पदक म्हटलं की आपल्याला शर्यत जिंकलेल्याच्या गळ्यातलं पदक आठवतं. इथे तसं काही नाही. हे स्मृतिपदक. दिसायला नाण्यासारखं, पण त्याने बाजारात काही विकत घेता येत नसे. शिवराई दुकानदाराला दिली की माल मिळायचा. राजाचं पदक दिलं तर दुकानदार फार तर धातूचं वजन करून पाहील. युद्ध जिंकलं, तह झाला, युवराज जन्मला, राज्याभिषेक झाला, राजवाड्याची पायाभरणी झाली, की त्याची आठवण म्हणून पदक पाडायचं आणि परराज्यांचे वकील, सरदार, विद्वान यांना भेट द्यायचं. सोन्याचं कोणाला, चांदीचं कोणाला, ब्राँझचं कोणाला, हे अर्थातच मानाप्रमाणे.

हा प्रकार युरोपात सुरू झाला इटलीत. १४३८-३९ च्या सुमारास पिसानेल्लो या चित्रकाराने बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं पदक केलं, तिथून ही फॅशन पसरली. ती पदकं ओतीव असत: साच्यात वितळलेला धातू ओतून केलेली. फ्रान्समध्ये चौथा आंरी या राजाच्या काळात गियोम द्युप्रे हा या कामातला उस्ताद. १६०३ च्या त्याच्या प्रसिद्ध पदकावर आंरी युद्धदेव मार्स झाला आहे, राणी मारी द मेदिची मिनर्व्हा ही देवी झाली आहे आणि मध्ये छोटा युवराज उभा आहे.

पुढे ओतण्याऐवजी ठशाने पदकं पाडायला सुरुवात झाली. पोलादाच्या दोन ठशांवर चित्र उलटं कोरायचं, मध्ये धातूची चकती ठेवायची आणि मोठ्या स्क्रू-प्रेसने दाबायची. प्रेसचा आडवा दांडा, त्याच्या टोकांना वजनं, तो गडी दोऱ्यांनी खेचून फिरवत. चित्र जितकं उठावदार तितके जास्त दाब लागत, आणि प्रत्येक दाबाने धातू कडक होत असल्यामुळे मधूनमधून चकती तापवून पुन्हा मऊ करावी लागे. झाँ वारँ याने सतराव्या शतकात हे तंत्र फ्रान्समध्ये फार वरच्या दर्जाला नेलं. पदकांची ही राजटाकसाळ होती लुव्रमध्येच. पुढे एकोणिसाव्या शतकात ते काम सीन नदीपलीकडच्या काँती घाटावर, ‘मॉने द पारी’ या मुख्य टाकसाळीत गेलं.

राजाची कीर्ती ठरवणारी समिती

चौदाव्या लुईने आणि त्याचा मंत्री कॉल्बेर याने एक गोष्ट ओळखली होती: इमारत पडते, कागद जळतो, पण रोमन सम्राटांची नाणी दीड हजार वर्षांनी शेतात सापडतात. म्हणून १६६३ मध्ये कॉल्बेरने मोजक्या विद्वानांची एक छोटी अकादमी बसवली. पदकांवर कुठली घटना घ्यायची, चित्र कसं असावं, लॅटिन ओळ काय असावी, हे ठरवणं तिचं एक मुख्य काम झालं. नाटककार रासीन आणि कवी ब्वालो हेही पुढे या मंडळीत होते. आजच्या भाषेत हा सरकारी प्रसिद्धी विभागच, फक्त त्यात देशातले उत्तम लेखक बसलेले.

१७०२ मध्ये या कामाचं देखणं, चित्रांसह छापलेलं पुस्तक निघालं. त्यात २८६ पदकं होती. राजा १७१५ मध्ये गेल्यावर, १७२३ च्या सुधारित आवृत्तीत ती ३१८ झाली. या मालिकेसाठी आधीच्या लहानमोठ्या पदकांना बाजूला ठेवून सगळी पदकं एकाच मापात नव्याने घडवली गेली: व्यास ४१ मिलिमीटर. बरेचसे ठसे एकट्या झाँ मोझे या कारागिराने कोरले. राजाच्या खांद्याखाली त्याचं नाव बारीक अक्षरांत सापडतं.

पहिला चकवा: साल घटनेचं असतं

इथेच नव्या माणसाची गल्लत होते. नाण्यावर साल असेल तर ते साधारण त्या सालचं नाणं, अशी आपली सवय. पदकावरचं साल मात्र घटनेचं असतं, घडवल्याचं नसतं.

उदाहरण घ्या राजाच्या जन्माचं. चौदावा लुई ५ सप्टेंबर १६३८ ला जन्मला. मालिकेतल्या एका पदकावर मधोमध सूर्याच्या रथात बसलेलं बाळ आहे, भोवती राशींचं वर्तुळ, म्हणजे चक्क जन्मवेळेची कुंडली, आणि लॅटिन ओळीचा अर्थ ‘फ्रेंच सूर्याचा उदय’. आपल्याकडच्या कुठल्याही ज्योतिषाला कौतुक वाटेल असं काम. पण एकसारख्या मापाची ही मालिका तयार होत होती तेव्हा रथातलं बाळ पन्नाशी ओलांडून गेलं होतं. सूर्याचं चिन्हही राजाने स्वतःसाठी घेतलं ते १६६२ च्या सुमारास, एका भव्य घोडेस्वारी सोहळ्यानंतर. म्हणजे पत्रिका मागाहून, ग्रह जुळवून मांडलेली. यात कोणी कोणाला फसवलं नाही. अधिकृत मालिकाच मागाहून केलेली आहे.

दुसरा चकवा: ठसा जिवंत राहतो

पोलादी ठसा टिकला की त्यातून पुन्हा पदक पाडता येतं. जुन्या फोटोची निगेटिव्ह घरात जपून ठेवली असेल तर आजोबांच्या लग्नाचा फोटो नातवाच्या लग्नातही काढून आणता येतो. फोटो १९५२ चा, कागद कालचा. पॅरिसच्या टाकसाळीने हेच केलं. जुने ठसे सांभाळले, झिजले तर नवे घडवले, आणि शतकानुशतकं मागणीप्रमाणे पदकं पाडून विकली. याला संग्राहक रीस्ट्राइक म्हणतात. आपल्याकडच्या नाणी जमवणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. मुंबई आणि कोलकात्याच्या टाकसाळींनीही ब्रिटिशकालीन नाण्यांचे रीस्ट्राइक हौशी लोकांसाठी काढले होते.

तर मग कोणतं कधीचं, हे कळायचं कसं? इथे फ्रेंच टाकसाळीने आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. ३० मार्च १८३२ पासून तिथे पाडलेल्या पदकाच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, एक बारीक खूण ठोकली जाऊ लागली. आधी पुरातन दिवा, १८४१ पर्यंत. मग जेमतेम वर्षभर जहाजाचा नांगर आणि त्यात गुंफलेलं ‘सी’ अक्षर. १८४२ ते १८४५ जहाजाचा पुढचा भाग. १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात. नोव्हेंबर १८६० पासून १८७९ अखेरपर्यंत मधमाशी. आणि १ जानेवारी १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. खुणेशेजारी धातूचं नावही फ्रेंचमध्ये असतं: तांब्याला ‘क्विव्र’, चांदीला ‘अर्जां’, सोन्याला ‘ऑर’, आणि ब्राँझ म्हणजे ब्राँझच.

आता एक पदक हातात घेऊन पाहू. पंधराव्या लुईचा राज्याभिषेक २५ ऑक्टोबर १७२२ ला रँस शहरातल्या कॅथेड्रलमध्ये झाला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पदकाच्या छाप्यावर कोवळ्या चेहऱ्याचा राजा. काट्याच्या बाजूला गुडघे टेकून बसलेला राजा आणि तेल लावणारे धर्मगुरू, वर लॅटिन ओळ, ‘स्वर्गीय तेलाने अभिषिक्त राजा’. तळाशी, चित्राखालच्या रेषेच्या खाली, रँस आणि तारीख. सगळं अठराव्या शतकातलं वाटतं. आता पदक उभं धरा, दिव्याखाली हळूहळू फिरवा आणि दहापट भिंगातून कड पाहा. गुळगुळीत तपकिरी पट्टी जात राहते, जात राहते, आणि एका ठिकाणी मुंगीएवढा हात दिसतो, एक बोट पुढे केलेला. त्याच्या पुढे ‘क्विव्र’. संपलं. हे पदक १८४५ ते १८६० मधलं. त्या पंधरा वर्षांत फ्रान्सने एक राजा घालवला, प्रजासत्ताक आणलं आणि मग एका सम्राटाला गादीवर बसवलं. टाकसाळ मात्र बारा वर्षांच्या राजाला तेल लावतच होती.

जाता जाता त्या तेलाबद्दल. ते क्लोव्हिस राजाच्या बाप्तिस्म्यासाठी कबुतराने स्वर्गातून आणलं अशी श्रद्धा होती, आणि ती कुपी १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी रँसच्या चौकात फोडली. तरी १८२५ मध्ये दहाव्या शार्लच्या राज्याभिषेकाला ‘वाचवलेलं’ तेल हजर होतं! त्या सोहळ्याचीही पदकं निघाली आणि ती आजही सहज मिळतात. पाच वर्षांत शार्ल पदच्युत झाला.

कडेवर खूण नसेल तर ते अस्सल जुनं?

नाही. हा तर्क फार लोक उलटा लावतात. खूण असेल तर पदक उशिराचं हे नक्की. खूण नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ते १७०२ चं असू शकतं, १७८० मध्ये जुन्या ठशातून पाडलेलं असू शकतं, खूण कानशीने घासून काढलेली असू शकते, किंवा कुणीतरी घरगुती साच्यात ओतलेली नक्कल असू शकते.

मग भिंग पुन्हा पदकाच्या तोंडाकडे न्यायचं. माझ्या मते शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ही: उंचवटा आहे की खड्डा? ठसा गंजला की त्यावर खळगे पडतात, आणि त्या ठशातून पाडलेल्या पदकावर त्यांचे बारीक उंचवटे उठतात. ठशाला तडा गेला तर पदकावर उंच रेघ येते. म्हणजे उंचवटे आणि उंच रेघा दिसल्या तर पदक ठशातूनच आलंय, फक्त ठसा म्हातारा होता. उलट ओतताना धातूत हवेचे बुडबुडे अडकतात आणि पदकावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे राहतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. कडेवर आडवी शिवण किंवा ती लपवण्यासाठी कानस मारल्याच्या रेघा दिसल्या तर संशय आणखी वाढवा.

आणखी एक सोपी परीक्षा व्हर्नियर कॅलिपरची. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. त्यामुळे मूळ पदकावरून साचा घेऊन केलेली नक्कल मूळापेक्षा साधारण एक-दीड टक्का लहान भरते. ४१ मिलिमीटरच्या जागी ४०.४ आलं तर थांबा. पण द्युप्रेच्या काळातली पदकं मुळातच ओतीव, आणि त्यांच्या प्रतीवरून प्रती काढण्याचं काम शतकानुशतकं चाललं. तिथे खड्डा दिसला म्हणून पदक बाद होत नाही. हा प्रांत कठीण आहे. सुरुवात करणाऱ्याने त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत.

ज्यावर राजा फ्रेंच, पण माल फ्रेंच नाही

चौदाव्या लुईचा चेहरा असलेल्या पितळी, पातळ, छोट्या चकत्या लिलावांतल्या एकगठ्ठा लॉटमध्ये ढिगाने येतात. त्यातल्या अनेक जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात लाउफर वगैरे घराण्यांनी घडवलेल्या आहेत. हिशेब करताना पाटावर मांडायच्या या चकत्या, फ्रेंचमध्ये ‘झेटॉन’. राजाचा चेहरा फक्त खपासाठी. खुद्द फ्रान्समधले चांदीचे झेटॉन वेगळे: ते सरकारी खात्यांसाठी पाडले जात, आणि अकादमीच्या सभासदांना बैठकीला हजर राहिल्याबद्दलही मिळत. आजच्या मीटिंग भत्त्याचे पणजोबा.

दुसरा ढीग आहे काके या कारागिराच्या मालिकेचा. १८३० च्या दशकात, लुई-फिलिपच्या राजवटीत, त्याने फ्रान्सच्या सगळ्या राजांची ओळीने पदकं केली. सुरुवात फारामाँपासून, जो बहुधा दंतकथेतलाच राजा. ५११ मध्ये वारलेल्या क्लोव्हिसचंही पदक त्यात आहे, दाढी-मुकुटासकट. ते ‘अतिप्राचीन’ म्हणून विकायला ठेवलेलं दिसलं तर हसून पुढे जावं, किंवा १८३० च्या दशकातलं देखणं काम म्हणून त्याच भावाने घ्यावं.

सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत यांच्या १७९३ मधल्या मृत्यूची पदकं तर चक्क बर्मिंगहॅमची आहेत, मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीत क्युखलर या कारागिराने केलेली. ही टाकसाळ आपल्याला अगदी परकी नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईसाठीचे, तराजूचा छाप आणि ‘अदल’ हा शब्द असलेले १७९१ चे तांब्याचे पैसे तिथूनच आले. मुंबईच्या नाणेबाजारात ते पैसे पाहिलेल्यांना त्या फ्रेंच राणीच्या पदकाची धारदार, यंत्रावरची घडण लगेच ओळखीची वाटेल.

मग रीस्ट्राइक म्हणजे खोटं का?

अजिबात नाही. त्याच देशाच्या सरकारी टाकसाळीने, अनेकदा त्याच ठशातून किंवा त्याच्या वारसाकडून पाडलेली ती वस्तू आहे, आणि कडेवर तिने स्वतःचा काळ प्रामाणिकपणे सांगितलाय. मधमाशी किंवा हाताची खूण असलेलं पदक तर आता स्वतःच दीडशे वर्षांचं झालं. लबाडी सुरू होते विकणारा कडेचा फोटो टाकत नाही तिथे. भावातला फरक मात्र मोठा आहे. ब्राँझचं उशिराचं रीस्ट्राइक काही हजार रुपयांत मिळतं. त्याच चित्राचं राजाच्या हयातीतलं पदक त्याच्या कितीतरी पट, चांदीचं असेल तर आणखी वर.

सोन्याची पदकं बहुतेकांना फक्त संग्रहालयातच दिसतील. त्याचं एक कारण म्हणजे सोनं वितळवता येतं. १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या राजग्रंथालयातल्या नाणी-पदकांच्या दालनात चोरी झाली आणि पाचव्या शतकातल्या चिल्डेरिक राजाच्या थडग्यातल्या खजिन्यासकट कितीतरी सोनं चोरांनी मुशीत घातलं. तांब्याला हात लावायचं चोराला कारण नसतं, म्हणून तांबं आणि ब्राँझ वाचतं.

प्रचाराचं साहित्य जमवून काय करायचं?

हा आक्षेप मला सगळ्यात योग्य वाटतो. पदकं खोटं बोलतात, आणि ठरवून बोलतात. १५९८ मध्ये चौथ्या आंरीने नांतच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना संरक्षण दिलं होतं. नातवाने, म्हणजे चौदाव्या लुईने, ते १६८५ मध्ये रद्द केलं. सैनिक घरांत घुसवून धर्मांतरं करवली गेली, सुमारे दोन लाख लोक देश सोडून पळाले. त्याच घटनेच्या एका पदकावर लॅटिनमध्ये लिहिलंय: वीस लाख कॅल्व्हिनपंथी (म्हणजे हेच प्रोटेस्टंट) चर्चमध्ये परत आले त्याबद्दल. वीस लाख! इतिहासकारांच्या अंदाजाने अख्ख्या फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट त्याच्या निम्मेही नव्हते. पळून गेलेल्यांचा पदकावर अर्थातच पत्ता नाही.

मला विचाराल तर हेच पदक जमवण्यासारखं आहे. पुस्तकात आपण वाचतो की राजसत्ता आकडे फुगवते. इथे तो फुगवलेला आकडा समितीने चर्चा करून, चांगल्या लॅटिनमध्ये, कायम टिकावा म्हणून धातूत ठोकलेला आहे आणि आपण त्यावरून बोट फिरवू शकतो. शेजाऱ्यांनीही तेव्हाच याची थट्टा सुरू केली होती. हॉलंडमध्ये लुईची खिल्ली उडवणारी पदकं निघत. ती शोधून राजाच्या पदकांशेजारी ठेवली की संग्रहाला खरी रंगत येते.

लॅटिनची भीती बाळगू नका. तीच पाच-सहा नावं आणि बिरुदं सारखी येतात. ‘लुडोविकुस माग्नुस’ म्हणजे थोर लुई, ‘रेक्स क्रिस्टियानिस्सिमुस’ म्हणजे परमख्रिस्ती राजा, आणि काही पदकांवर ‘यू’ च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो. रोमन आकडे शाळेत शिकलोच आहोत.

इथे बसून जमवायचं तर

विकणाऱ्याकडून छापा-काट्याचे फोटो मिळतातच. कडेचा पूर्ण फेरीचा फोटो, व्यास आणि ग्रॅममध्ये वजन आपण मागायचं. द्यायला टाळाटाळ झाली तर ते पदक दुसऱ्या कुणाला लखलाभ. गुंतवणूक म्हणून यात पडू नये: भारतात ही पदकं घेणारे थोडे, आणि विकायची वेळ आली तर पुन्हा युरोपातच गिऱ्हाईक शोधावं लागतं.

आणि तिथे एक अडचण आहे. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा बाहेरून मागवलेल्या पदकाचं बिल, कस्टमचे कागद आणि पाकीटसुद्धा जपून ठेवा, आणि परत पाठवायची वेळ आलीच तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

घरी आल्यावर चिंच, लिंबू, तांब्या-पितळेची पावडर यातलं काहीही पदकाला लावायचं नाही. ब्राँझवरचा तो चॉकलेटी थर टाकसाळीत मुद्दाम चढवलेला किंवा काळाने आलेला असतो. चकचकीत केलेल्या पदकाचा भाव तिथेच कोसळतो. मऊ प्लॅस्टिकचे स्वस्त पाऊच टाळा, त्यांतून सुटणाऱ्या द्रव्याने काही वर्षांत तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. मुंबई-कोकणच्या हवेत डबीत सिलिका जेलची पुडी हवीच, आणि पावसाळ्याआधी ती बदला.